चारशेचे पंचवीस

ज्यांनी कधी ना कधी कॅमेऱ्यात रोल भरलाय त्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. ज्या पत्र्याच्या नळकांड्यात फिल्म गुंडाळलेली असते, त्याच्या अंगावर एका बाजूला चंदेरी आणि काळ्या चौकोनांचा एक छोटासा पट असतो. बुद्धिबळाचा पट कुणीतरी अर्धवट रंगवून सोडून द्यावा तसा. आमच्या घरी तो पट म्हणजे कंपनीची नक्षी आहे असाच समज होता. नक्षी नव्हती ती. तो निरोप होता, फिल्मने कॅमेऱ्याला द्यायचा. आणि निरोप म्हटला की तो कधीतरी चुकीचा पोचणार हेही आलंच.

निरोपात असतो एक आकडा. १००, २००, ४००. फिल्म किती चटकन प्रकाश पकडते त्याचा हा आकडा. आकडा दुप्पट म्हणजे अर्ध्या प्रकाशात काम भागतं. आज मोबाईलमध्येसुद्धा 'आयएसओ' नावाने हाच आकडा दिसतो, पण तिथे त्याचा जीव गेलाय असं मला वाटतं. दर फोटोला बदलतो, कुणी बघतही नाही. रोलच्या जमान्यात हा आकडा एकदा ठरला की छत्तीस फोटोंपुरता ठरला. आणि तो चुकीचा ठरला तर छत्तीसच्या छत्तीस फोटो चुकीचे.

हा आकडा आला कुठून, ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा मागे जातो.

सुरुवातीच्या फोटोग्राफरांकडे आकडा नव्हताच. काचेवर रसायन लावायचं, अंदाजाने टोपण काढायचं, मनात मोजायचं, टोपण लावायचं. पुढे कारखान्यात बनलेल्या कोरड्या काचा मिळायला लागल्या. त्यांच्या डब्यांवर 'जलद', 'अतिजलद' असं काहीबाही लिहिलेलं असे. कशाच्या मानाने जलद, हे दुकानदारालाही ठाऊक नसे. १८८० च्या सुमाराला वॉर्नर्के याने संवेदनशीलता मोजायचं एक उपकरण काढलं, ते काही काळ चाललंही. पण खरं काम केलं ते इंग्लंडातल्या विडनेस गावच्या दोघांनी. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड. दोघेही रसायनांच्या कारखान्यात नोकरीला. ड्रिफील्डला फोटोंचा नाद, हर्टर मूळचा स्वित्झर्लंडचा, हाडाचा शास्त्रज्ञ. ड्रिफील्डने त्याला या छंदात ओढलं आणि हर्टरच्या लक्षात आलं की इथे सगळा कारभार अंदाजपंचे चाललाय. मग दोघे सुट्टीच्या वेळात मेणबत्तीच्या उजेडात काचा मोजून मोजून प्रकाश दाखवायला लागले, आणि धुतल्यावर त्या किती काळ्या होतात ते टिपायला लागले. हे वर्षानुवर्षं चाललं. १८९० साली त्यांनी निबंध छापला. त्यात तो प्रसिद्ध वाकडा आलेख होता: खाली सपाट, मध्ये तिरका सरळ, वर पुन्हा सपाट होत जाणारा. फोटोग्राफीच्या पुस्तकात आजही तो पहिल्या काही पानांत भेटतो. प्रकाश आणि काळेपणा यांच्यात हिशोब आहे हे त्या दोन नोकरदार माणसांनी घरच्या घरी सिद्ध केलं. 'एच अँड डी' आकडे काचांच्या डब्यांवर छापून यायला लागले ते यांच्यामुळे.

त्यानंतर मात्र जो तो आपापला आकडा घेऊन उभा राहिला. १८९४ मध्ये पॉट्सडॅमच्या वेधशाळेतल्या यूलिउस शायनरने ताऱ्यांचे फोटो काढण्यासाठी आपली पद्धत काढली. ती युरोपभर पसरली आणि पसरताना बिघडली, कारण फिल्म बनवणारे आपापल्या डब्यावर शायनरचे अंश सढळ हाताने वाढवून छापायला लागले. 'बत्तीस कॅरेट सोनं' म्हणावं तसलाच प्रकार. याला आळा घालायला जर्मनीत रॉबर्ट लुथर आणि इमॅन्युएल गोल्डबर्ग यांनी नवी पद्धत मांडली. १९३१ साली ड्रेस्डेनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ती चर्चेला आली आणि १९३४ मध्ये 'डिन' म्हणून मान्य झाली. या मधल्या तीन वर्षांत काय झालं ते मात्र फोटोग्राफीच्या पुस्तकांत सहसा नसतं. गोल्डबर्ग ज्यू होता. ड्रेस्डेनला झाइस आयकॉन कंपनीचा प्रमुख होता. १९३३ मध्ये नाझी गुंडांनी त्याला पळवून नेलं. सुटका झाल्यावर त्याने देश सोडला. त्याने घडवलेलं प्रमाण पुढल्या वर्षी त्याच देशाचं अधिकृत प्रमाण झालं. असो.

डिनमध्ये तीन अंश वाढले की वेग दुप्पट. १८ चे २१ झाले की दुप्पट, २४ झाले की चौपट. अमेरिकेत तोवर वेस्टनचे प्रकाशमापक आले होते. (हा एडवर्ड वेस्टन विजेची उपकरणं बनवणारा. प्रसिद्ध फोटोग्राफर वेस्टन वेगळा. ही गल्लत फार जण करतात.) १९३२ पासून या मापकांबरोबर वेस्टनचे आकडे आले. मग कोडॅकच्या प्रयोगशाळेतल्या लॉइड जोन्सच्या कामावर आधारलेलं अमेरिकन प्रमाण १९४३ साली आलं, त्याला आपण 'एएसए' म्हणतो. रशियाने १९५१ मध्ये 'गोस्ट' काढलं. ज्यांनी जुना झेनिट वापरलाय त्यांना त्याच्या चकतीवरचे ६५, १३०, २५० असे विचित्र आकडे आठवतील.

यातली मला सर्वात गमतीची वाटणारी घटना १९६० ची. त्या वर्षी अमेरिकन प्रमाण बदललं आणि एका रात्रीत बऱ्याच कृष्णधवल फिल्मांचा वेग दुप्पट झाला. कोडॅकची ट्राय-एक्स २०० ची होती ती ४०० ची झाली. रसायन तेच, फिल्म तीच. मग बदललं काय? जुन्या आकड्यात एक सुरक्षेचा गुणक धरलेला होता. लोकांचे मापक बेभरवशाचे, हात कच्चे, तेव्हा थोडा जास्तच प्रकाश पडू दे, निगेटिव्ह कोरी जाण्यापेक्षा बरं, असा विचार. आपल्याकडे पाहुणे येणार म्हणून वाटीभर तांदूळ जास्त टाकतात ना, तसा. १९६० पर्यंत मापक सुधारले होते, तेव्हा तो जास्तीचा वाटीभर तांदूळ काढून टाकला. म्हणजे आकडा हा निसर्गाने दिलेला नव्हता, माणसांनी आपसात ठरवलेला होता. ही गोष्ट पुढच्या प्रकरणात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडे हे सगळे आकडे एकत्रच नांदत होते. माझ्या लहानपणी शाळेजवळ एक स्टुडिओ होता, तिथले म्हातारे मालक आयुष्यभर 'एकवीस डिन', 'सत्तावीस डिन' असंच बोलत. कारण पूर्व जर्मनीच्या ऑर्वो फिल्मांच्या नावातच तो आकडा असे. एनपी २० म्हणजे वीस डिन, एनपी २२ म्हणजे बावीस, एनपी २७ म्हणजे सत्तावीस, म्हणजेच ४०० एएसए. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोलही त्यांच्या कपाटात असायचा. त्यांचा मुलगा मात्र 'चारशे' म्हणायचा. बाप-लेक एकाच फिल्मबद्दल बोलत असायचे आणि गिऱ्हाइकाला वाटायचं भांडतायत. १९७४ पासून आयएसओने दोन्ही आकडे शेजारी शेजारी बसवले, १००/२१°, ४००/२७° असे. त्या घरातलं भांडण त्याने मिटलं असेल असं वाटत नाही.

आता हा आकडा कॅमेऱ्याला सांगायचा कसा? पूर्वी हाताने. कॅमेऱ्यावर एक चकती असायची, ती फिरवून १०० वर किंवा ४०० वर आणायची. ॲग्फाचा क्लिक थ्री असेल तर तेवढंही नाही, त्याला मापकच नव्हता, दोन-तीन खुणा आणि 'ऊन पाठीशी घ्या' एवढंच. पण चकती असली की ती फिरवायला विसरणारेही असणार. तेव्हा हे काम माणसाकडून काढून घ्यायचं कंपन्यांच्या मनात बऱ्याच आधीपासून होतं. कोडॅकने १९६३ मध्ये इन्स्टामॅटिकसाठी जी १२६ ची कार्ट्रिज काढली, तिच्या काठाला एक खाच होती. खाच कुठे आहे त्यावरून कॅमेऱ्याला वेग कळे. ॲग्फाने पुढच्याच वर्षी आपल्या रॅपिड कॅसेटला पत्र्याची जीभ बसवली. १९७२ च्या ११० कार्ट्रिजलाही तशीच एक पट्टी होती, लांब किंवा आखूड. पण या सगळ्या वेगळ्या आकाराच्या फिल्मा. जगात सगळ्यात जास्त वापरला जाणारा ३५ मिलिमीटरचा रोल मात्र मुकाच होता.

त्याला वाचा फुटली १९८३ मध्ये. कोडॅकने 'डीएक्स' नावाची खूण आणली आणि इतर मोठ्या कंपन्यांनीही ती स्वीकारली. ही बाब साधी नाही, हे लोक एरवी एकमेकांचं तोंड बघत नसत. (निकॉनच्या डिजिटल कॅमेऱ्यावरचं 'डीएक्स' वेगळं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) १९८४ मध्ये हे वाचणारे छोटे स्वयंचलित कॅमेरे आले आणि १९८५ मध्ये मोठे एसएलआरही, त्यात मिनोल्टा ७००० होता.

डीएक्सचे खरं तर दोन भाग आहेत. एक कॅसेटवर, कॅमेऱ्यासाठी. दुसरा फिल्मच्याच काठावर. तिथे कारखान्यात प्रकाशानेच बारीक पट्ट्यांचा बारकोड आणि अक्षरं उमटवून ठेवलेली असतात, ती रोल धुतल्यावर दिसायला लागतात. ती लॅबच्या मशीनसाठी. हा दुसरा भाग पुढे कामाला येणार आहे.

पहिल्या भागाचं गणित फार सुंदर आहे, थोडा धीर धरा. कॅसेटवर बारा चौकोन, सहा-सहाच्या दोन ओळी. चंदेरी म्हणजे उघडा पत्रा, वीज वाहणारा. काळा म्हणजे रंग लावलेला, वीज अडवणारा. कॅमेऱ्याच्या कप्प्यात स्प्रिंगच्या बारक्या पिना असतात, त्या या चौकोनांवर टेकतात. पहिला चौकोन कायम चंदेरी, तो सामाईक. वीज तिथून येते आणि बाकी कुठल्या चौकोनातून परत मिळते ते कॅमेरा बघतो. वेग सांगतात ते दुसरा ते सहावा असे पाच. खालच्या ओळीत फोटो किती आणि फिल्म कितपत चूक सहन करते याची माहिती असते, पण घरगुती कॅमेरे ती ओळ सहसा वाचतच नाहीत.

पाचातल्या पहिल्या तिघांची किंमत १, २ आणि ४ धरा. २५ च्या फिल्मला शून्य, ५० ला एक, १०० ला दोन, २०० ला तीन, ४०० ला चार, ८०० ला पाच, १६०० ला सहा, ३२०० ला सात. म्हणजे १०० च्या रोलवर फक्त '२' चा चौकोन चंदेरी. २०० च्या रोलवर '१' आणि '२' दोन्ही. ४०० च्या रोलवर फक्त '४'. उरलेले दोन चौकोन मधले आकडे सांगायला, ६४, १२५, १६० वगैरे. सगळे मिळून चोवीस वेग, २५ पासून ५००० पर्यंत.

आता यात बिघाड काय होणार? पिनेवर घाम, दमट हवेची काजळी, जुन्या रोलवरचा चिकटा, काहीही बसतं. मळलेली पिन चंदेरी चौकोनाला काळा समजते. काळ्याला चंदेरी ती समजू शकत नाही, त्यासाठी रंग खरवडला गेला पाहिजे. म्हणजे १, २, ४ च्या पिनांवर मळ बसला तर आकडा नेहमी खालीच येतो, वर जात नाही. '१' ची पिन मेली तर २०० चे १०० होतात. '२' ची मेली तर १०० चे २५ होतात आणि २०० चे ५०. '४' ची मेली तर १०० आणि २०० ला काहीच होत नाही, पण ४०० चे थेट २५ होतात.

हे शेवटचं वाक्य वाचून मी दोन वर्षांपूर्वी बराच वेळ गप्प बसलो होतो.

आमच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन १९९१ मध्ये सांगलीला घरच्या घरी झालं. फोटोग्राफर बोलावलेला नव्हता, कारण काकांकडे नातेवाइकाने दुबईहून आणून दिलेला कॅमेरा होता. पूर्ण ऑटोमॅटिक, फक्त दाबायचं. आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून फ्लॅश मारायचा नाही असं ठरलं. माजघर अंधारं, दाराच्या बाजूने येईल तेवढाच उजेड. म्हणून काकांनी मुद्दाम चौकशी करून ४०० चा रोल आणला. एरवी आमच्याकडे १०० चाच रोल यायचा, क्वचित २००. निर्णय शंभर टक्के बरोबर होता, आजही कुणी हेच सांगेल.

फोटो आले ते बघण्यासारखे नव्हते. पांढुरके, हललेले, काहींत कोण आहे तेही कळेना. काका निगेटिव्ह घेऊन लॅबवाल्याकडे गेले, मी बरोबर होतो, आठवीत असेन. 'रोल जाळलात तुम्ही' असं काका म्हणाले. तो म्हणाला, 'साहेब, मशीन सगळ्यांचे रोल सारखेच धुतं. तुमच्या आधीचा आणि नंतरचा रोल दाखवू का?' काका म्हणाले, 'कॅमेरा चांगलाय. दिवाळीचे फोटो बघा, याच कॅमेऱ्याचे आहेत.' तोही मुद्दा खोटा नव्हता. पैसे न देता ते बाहेर पडले. नंतर दुसऱ्या लॅबमध्ये जायला लागलो, पुन्हा १०० चा रोल, फोटो छान. म्हणजे सिद्धच झालं. गल्लीतल्या आणखी चार घरांनी त्या लॅबवाल्याकडे जाणं सोडलं. आजोबा १९९३ मध्ये गेले. त्यांचा म्हातारपणचा बरा फोटो नाही, ही हळहळ आमच्या घरात कायम राहिली आणि प्रत्येक वेळी त्या लॅबवाल्याचा उद्धार व्हायचा.

दोन वर्षांपूर्वी जुन्या पिशव्या आवरताना त्या निगेटिव्ह माझ्या हाती आल्या. खिडकीसमोर धरल्या. चौकटी भयंकर काळपट, उजेड जेमतेम आरपार येत होता. पण काठावरची अक्षरं? स्वच्छ, नेहमीसारखी. कंपनीचं नाव, ४०० हा आकडा, बारकोडच्या पट्ट्या, सगळं व्यवस्थित.

इथे तो दुसरा भाग कामाला आला. काठावरची अक्षरं कारखान्यात ठराविक प्रकाश देऊन उमटवलेली असतात. कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नसतो. त्यांना फक्त धुणारा बिघडवू शकतो. रसायन जास्त गरम असतं, रोल जास्त वेळ बुडाला असता, तर अक्षरंही चौकटींबरोबर काळी ठिक्कर झाली असती. अक्षरं नीट आणि चौकटी काळ्या, याचा अर्थ धुलाई ठीक होती आणि प्रकाशच जास्त पडला होता. तोही थोडाथोडका नाही. शिवाय फोटो हलले होते. लॅबमध्ये फोटो काळा होऊ शकतो, पिवळा होऊ शकतो, हलू शकत नाही. हलतो तो शटर फार वेळ उघडं राहिलं तरच. ४०० च्या फिल्मला जिथे सेकंदाचा साठावा भाग पुरला असता, तिथे २५ समजणारा कॅमेरा सोळापट, म्हणजे जवळजवळ पाव सेकंद, उघडा राहतो. पाव सेकंद कॅमेरा हातात स्थिर धरणं कुणालाही कठीण.

कॅमेरा काकांच्या कपाटात अजून होता. रोलचा कप्पा उघडून भिंगाने बघितलं. सहा पिना. पाच पिवळसर चकचकीत, आणि चौथी, म्हणजे '४' वाली, टोकाला काळी पडलेली. आता तीस-पस्तीस वर्षांत पिन काळी पडली तर त्यात नवल काय, ती तेव्हाच काळी होती कशावरून, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. पण लक्षणं इतकी नेमकी जुळतात की दुसरं काही सुचत नाही. १०० आणि २०० चे रोल नीट, फक्त ४०० चा बिघडलेला, आणि तोही चार स्टॉप जास्त प्रकाशाचा. पूर्ण संपर्कच तुटला असता तर एवढी वाट लागली नसती, कारण काहीच वाचता आलं नाही की असे बरेच कॅमेरे १०० धरून चालतात, मग चूक फक्त दोन स्टॉपची, आणि रंगीत निगेटिव्ह तेवढं सोसून घेते. इथे बाकीच्या पिना चालू होत्या. त्यामुळे कॅमेऱ्याला आपण आंधळे झालोय असं वाटलंच नाही. त्याला अगदी वैध, छापील, खात्रीचा आकडा मिळाला: २५.

खात्री करायला मुदत संपलेले दोन रोल मिळवले, एक २०० चा आणि एक ४०० चा. बॅटरी नवी घातली. संध्याकाळी एका खोलीत कॅमेरा टेबलावर ठेवून, फ्लॅश बंद करून, त्याच भिंतीकडे तोंड करून आधी २०० भरून बटण दाबलं. 'खट्.' मग ४०० भरला. खरं तर शटर अर्ध्याच वेळात मिटायला हवं. झालं उलटं. 'ख...ट.' मधली फट कानाला स्पष्ट कळत होती. मग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिन पुसली, पांढऱ्या खोडरबराचा कोपरा हलकेच फिरवला, पुन्हा पुसली. (पॉलिश पेपर अजिबात घासू नका, पिनेवरचा मुलामा जातो आणि मग ती कायमची आजारी पडते. दाबूही नका, आतली स्प्रिंग नाजूक असते.) पुन्हा ४०० भरला. 'खट्.'

काकांना सगळं सांगितलं. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी निगेटिव्ह हातात घेतल्या, काठावरची अक्षरं बघितली, दोन प्रश्न विचारले. मग बराच वेळाने म्हणाले, 'त्याचे पैसे द्यायचे राहिले रे.' मी लॅबवाल्याची चौकशी केली. त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकतात. तो माणूस गाव सोडून गेल्याला बरीच वर्षं झाली, एवढंच शेजारच्या शिंप्याने सांगितलं. काकांनी शिंप्याकडे दोनदा स्वतः जाऊन विचारलं. पुढे काही लागलं नाही.

त्या निगेटिव्ह मी मागून जोरकस उजेड टाकून डिजिटल कॅमेऱ्याने पुन्हा टिपल्या. काळपट निगेटिव्हमध्ये पुष्कळ काही शिल्लक असतं, फक्त जुन्या छपाईला ते ओढून काढता आलं नव्हतं. रंग धड नाहीत, पण चेहरे आले. हललेलं मात्र हललेलंच राहिलं, त्याला इलाज नाही. एका चौकटीत काकांनी कॅमेरा खांबाला टेकवला असावा. त्यात आजूबाजूची आम्ही सगळी पोरं धुरासारखी दिसतोय आणि आजोबा खुर्चीत पाव सेकंद अगदी न हलता बसलेत. शालीचा काठसुद्धा मोजता येतो. ती आता काकांच्या हॉलमध्ये आहे.

एक तांत्रिक पुरवणी, कारण हल्ली पुन्हा रोल वापरणारे बरेच तरुण भेटतात. कप्प्यात किती पिना आहेत ते आधी मोजा. चारच असतील तर कॅमेरा मधले आकडे वाचत नाही, १६० ला तो १०० च समजणार. दोन-तीनच असतील तर तो बहुधा फक्त 'मंद' आणि 'जलद' एवढंच ओळखतो. सिनेमाची फिल्म कापून भरलेल्या किंवा हाताने भरलेल्या कॅसेटवर पुष्कळदा चौकोनच नसतात, मग कॅमेरा मनाने धरेल तो आकडा. पुस्तिकेत तो दिलेला असतो, ती आधी वाचा. डीएक्सचे चिकटवायचे तयार कागद मिळतात. नाही मिळाले तर काळी चिकटपट्टी आणि ॲल्युमिनियम फॉइल घेऊन वरच्या गणिताने स्वतःही बनवता येतात. फक्त पहिला चौकोन चंदेरी ठेवायला विसरू नका. तो झाकला की पाचही मुके. आणि रोल धुऊन आल्यावर काही बिघडलेलं दिसलं, तर लॅबवाल्याकडे जाण्याआधी निगेटिव्ह खिडकीत धरा आणि काठावरची अक्षरं वाचा.